पडत्या वीज-गॅस शेअरमध्ये लाभांशासाठी थांबावं का?

देशभर वीज वाहून नेणाऱ्या वाहिन्यांची सरकारी कंपनी पॉवर ग्रिड, तिचा शेअर सप्टेंबर २०२४ मध्ये साडेतीनशे रुपयांच्या वर होता. फेब्रुवारी २०२५ पर्यंत तो अडीचशेच्या आसपास आला. साधारण त्याच सुमारास मुंबईला गॅस पुरवणाऱ्या महानगर गॅसचा शेअर १,९०० च्या पुढून १,१०० च्या जवळपास घसरला. दोन्हीकडे अडकलेल्या नव्या गुंतवणूकदाराच्या तोंडी वाक्य एकच होतं: ‘असू दे, डिव्हिडंड तर येतोय ना!’

पुढे काय झालं ते मुद्दाम पाहण्यासारखं आहे. पॉवर ग्रिडचा निव्वळ नफा २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांत साडेपंधरा हजार कोटींच्या आसपास राहिला, तरी शेअरमागचा लाभांश ११.२५ रुपयांवरून ९ रुपयांवर आला. महानगर गॅसचा नफा मात्र सुमारे १,२९० कोटींवरून १,०५० कोटींच्या आसपास उतरला, आणि लाभांश होता तेवढाच, ३० रुपये राहिला. नफा टिकला तिथे लाभांश घटला आणि नफा घटला तिथे लाभांश टिकला. ‘वीज-गॅसच्या कंपन्या म्हणजे सुरक्षित, लाभांश ठरलेला’ एवढ्याच भरवशावर जो थांबला, त्याला यातलं काहीच आधी दिसलं नसतं. ते कसं दिसू शकलं असतं, हे पायरीपायरीने पाहू. ही दोन नावं उदाहरणापुरती आहेत. ती घ्यावीत किंवा विकावीत असं मी सांगत नाही, आणि मी सेबीकडे नोंदणी असलेला सल्लागारही नाही.

पायरी १: यील्डचा आकडा स्वतः मांडा

ब्रोकरच्या ॲपवर शेअरच्या नावाखाली ‘डिव्हिडंड यील्ड’ असा एक टक्का दिसतो. बहुतेक ठिकाणी तो गेल्या बारा महिन्यांत मिळालेल्या लाभांशाला आजच्या भावाने भागून काढलेला असतो. वरची संख्या जुनी, खालची ताजी. त्यामुळे भाव पडला की यील्ड आपोआप वाढतं. कंपनीने एक पैसाही जास्त दिलेला नसतो, तरी आकडा आकर्षक दिसायला लागतो.

पॉवर ग्रिडचंच घ्या. भाव अडीचशे असताना २०२३-२४ चे ११.२५ रुपये धरले तर यील्ड साडेचार टक्के येतं. पण २०२४-२५ मध्ये प्रत्यक्षात ९ रुपये मिळाले, म्हणजे ३.६ टक्के. एवढा फरक लाभांशाच्या भरवशावर मांडलेलं गणित बिघडवायला पुरतो.

आणि हे वर्ष संपल्यावरच कळलं असतं असंही नाही. लाभांश तीन हप्त्यांत येतो: दोन अंतरिम, एक अंतिम. २०२३-२४ चे हप्ते होते ४, ४.५० आणि २.७५ रुपये. पुढच्या वर्षीचा पहिला हप्ता ४.५० आला, त्यामुळे सगळं छान वाटलं. मग फेब्रुवारी २०२५ मध्ये दुसरा अंतरिम लाभांश ३.२५ जाहीर झाला, आदल्या वर्षी त्याच हप्त्याला ४.५० होते. तिथेच कान टवकारायला हवे होते. अंतिम हप्ता तर १.२५ वरच आला. म्हणून गेल्या पाच वर्षांचे लाभांश हप्त्यांसकट एका कागदावर लिहून काढा आणि प्रत्येक हप्ता मागच्या वर्षीच्या त्याच हप्त्याशी ताडून पाहा. बीएसई आणि एनएसईच्या संकेतस्थळांवर कंपनीच्या नावाखाली ‘कॉर्पोरेट ॲक्शन्स’मध्ये हे सगळं फुकट मिळतं.

यादी करताना बोनस शेअरकडे मात्र लक्ष हवं. पॉवर ग्रिडने २०२२-२३ साठी १४.७५ रुपये दिले होते आणि पुढच्या वर्षी ११.२५. ही घट नव्हती. सप्टेंबर २०२३ मध्ये तीन शेअरना एक बोनस शेअर मिळाला, त्यामुळे जुने १४.७५ आजच्या हिशेबात ११ रुपयांच्या आसपास बसतात. खरी घट त्यानंतरच्या वर्षाची.

आणखी एक सवय सोडा. ‘मी दीडशेला घेतलाय, मला सहा टक्के पडतात,’ असं लोक अभिमानाने सांगतात. दीडशे रुपये तुमच्या हातात आज नाहीत. आज विकलात तर अडीचशे हातात येतील, आणि प्रश्न त्या अडीचशे रुपयांवर काय मिळतं हा आहे. हेच उलट बाजूनेही लागू पडतं. साडेतीनशेला घेतला म्हणून तोट्यात विकायचा नाही, हा निर्णय भूतकाळाकडे बघून घेतलेला असतो.

पायरी २: भाव का पडला?

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. फ्लॅट भाड्याने दिलेल्या माणसाला दोन गोष्टी वेगळ्या कळतात: परिसरातले भाव उतरले, की भाडेकरूचं भाडं थकलं. शेअरच्या बाबतीत मात्र आपण दोन्ही एकाच लाल आकड्यात बघतो.

कारणं ढोबळपणे तीन जातींची असतात.

पहिली, बाजाराचा मूड. ऑक्टोबर २०२४ पासून परदेशी गुंतवणूकदारांनी भारतात जोरात विक्री केली आणि त्यात जवळपास सगळंच पडलं. सरकारी कंपन्यांचे शेअर त्याआधीच्या दीड-दोन वर्षांत भरपूर चढलेले होते, तेही उतरले. पॉवर ग्रिडच्या घसरणीतला मोठा भाग हाच. विजेच्या तारा तशाच होत्या, त्यांचं भाडंही तसंच येत होतं.

दुसरी, व्याजदर. एफडी आणि सरकारी रोख्यांवर जास्त मिळू लागलं की लाभांशासाठी शेअर धरणारे तिकडे वळतात आणि असे शेअर पडतात. अमेरिकेत २०२३ च्या शरद ऋतूत वीज कंपन्यांचे शेअर मुख्यतः याच कारणाने आपटले. भारतातल्या २०२४-२५ च्या घसरणीला हे कारण लावता येत नाही, कारण रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये रेपो दर ६.५ वरून ५.५ टक्क्यांवर आणला. दर खाली येत होते.

तिसरी जात धोक्याची, कारण ती थेट कंपनीच्या गल्ल्यात हात घालते. महानगर गॅसचं झालं ते असं. ओएनजीसीच्या जुन्या क्षेत्रांतला स्वस्त घरगुती गॅस सरकार ठरलेल्या दराने शहरी गॅस कंपन्यांना देतं. एप्रिल २०२३ मध्ये त्या दरावर दर एकक ६.५ डॉलरची कमाल मर्यादा आली, आणि पहिल्या दोन वर्षांनंतर ती दरवर्षी पाव डॉलरने वाढते आहे. या गॅसचं उत्पादन उतरतंय आणि सीएनजीच्या गाड्या वाढताहेत. ऑक्टोबर २०२४ च्या मध्यावर सीएनजीसाठीचा हा कोटा सुमारे एक पंचमांशाने कापला गेला, आणि महिन्याभरात जवळपास तेवढाच पुन्हा. कमी पडलेला गॅस महागड्या मार्गांनी घ्यावा लागला. १८ नोव्हेंबरला बाजार उघडला तेव्हा महानगर गॅस आणि दिल्लीची इंद्रप्रस्थ गॅस हे दोन्ही शेअर एका दिवसात दहा टक्क्यांहून जास्त कोसळले. मुंबईत विधानसभेचं मतदान आटोपल्यावर लगेच सीएनजी किलोमागे २ रुपयांनी वाढून ७७ रुपये झाला. जानेवारी २०२५ मध्ये कोट्याचा काही भाग परतही मिळाला.

बातमी वाचून ‘सरकारने गॅस कापला, संपलं सगळं’ किंवा ‘काही नाही, येईल वर’ यांतलं काहीही म्हणता येतं, आणि दोन्हींचा उपयोग सारखाच. विचारायचं ते असं: कच्चा माल महागला, तर तो खर्च कंपनी ग्राहकावर टाकू शकते का, आणि कितपत? सीएनजीची किरकोळ किंमत कंपनी स्वतः ठरवते, नियामक नाही. म्हणजे टाकू शकते. पण पेट्रोलशी असलेला फरक कमी झाला तर रिक्षा-टॅक्सीवाला आणि नवी गाडी घेणारा दोघंही विचार करतात. किंमत वाढवायची मुभा आहे, पण तिला छत आहे. नफा घटला पण बुडाला नाही, तो यामुळे.

या तिसऱ्या जातीचं टोकाचं रूप म्हणजे कॅलिफोर्नियातली पीजी अँड ई. बे एरियातल्या मराठी घरांत विजेचं बिल बहुधा हिच्याच नावाने येतं. २०१७ च्या वणव्यांनंतर नुकसानभरपाईची टांगती तलवार आली, त्या डिसेंबरात कंपनीने लाभांश बंद केला आणि जानेवारी २०१९ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. लाभांश पुन्हा सुरू व्हायला २०२३ उजाडलं, तोही नाममात्र एका सेंटचा. ग्राहक एकही सोडून गेला नव्हता. मक्तेदारी असलेली कंपनीही लाभांश थांबवू शकते, ती अशी.

कारण तीन ओळींत लिहून काढा. लिहिता येत नसेल तर तुम्हाला ते कळलेलं नाही, आणि तोपर्यंत पडत्या भावात नवे शेअर घेऊन सरासरी खरेदीभाव उतरवायचा, म्हणजे ‘ॲव्हरेज’ करायचा, प्रश्नच येत नाही.

पायरी ३: कंपनीचं उत्पन्न कोण ठरवतं?

‘युटिलिटी’ म्हणून एकाच खणात टाकलेल्या कंपन्यांचं उत्पन्न अगदी वेगवेगळ्या पद्धतीने ठरतं.

पॉवर ग्रिडच्या जुन्या पारेषण वाहिन्या ‘खर्च अधिक परतावा’ या पद्धतीवर चालतात. केंद्रीय वीज नियामक आयोग दर पाच वर्षांनी नियम काढतो. २०२४ ते २०२९ च्या नियमांत जुन्या वाहिन्यांसाठी कंपनीच्या स्वतःच्या भांडवलावर १५.५ टक्के आणि नव्यांसाठी १५ टक्के परतावा धरला आहे. प्रकल्पाचा ७० टक्के खर्च कर्जातून आणि ३० टक्के स्वतःच्या पैशातून झाला असं मानतात. व्याज, घसारा, देखभाल हे वेगळं वसूल होतं. तारेतून वीज कमी वाहिली की जास्त, याने फारसा फरक पडत नाही. वाहिनी चालू स्थितीत उपलब्ध असली पाहिजे, एवढं पुरतं.

नव्या वाहिन्या मात्र बहुतेक स्पर्धात्मक बोलीतून मिळतात. सगळ्यात कमी भाडं मागेल त्याला ३५ वर्षांचं काम. इथे आयोगाचे १५ टक्के वगैरे काही नाही. बोली घट्ट लावली, जमीन मिळायला उशीर झाला, पोलाद महागलं, तर परतावा कमी. कंपनीच्या उत्पन्नात जुन्या पद्धतीचा वाटा हळूहळू उतरणार आणि नव्याचा चढणार. दहा वर्षांसाठी धरायचा विचार असेल तर मी सगळ्यात जास्त याकडे लक्ष देईन.

वीजनिर्मितीत खरेदीचे दीर्घ करार असतात, पण पैसे देणारा कोण हे बघावं लागतं. राज्यांच्या वितरण कंपन्या वर्षानुवर्षं थकबाकी ठेवत आल्या. जून २०२२ मध्ये केंद्राने उशिराच्या अधिभाराचे नियम काढले, जुनी थकबाकी हप्त्यांत बांधून दिली, आणि न देणाऱ्याचा वीजपुरवठा तोडायची तरतूद केली, तेव्हा परिस्थिती बरीच सुधारली. तरीही ताळेबंदातला ‘येणी’ हा आकडा दरवर्षी पाहायचा. विक्री दहा टक्क्यांनी वाढली आणि येणी तीस टक्क्यांनी, तर नफा कागदावर आहे, बँकेत नाही. लाभांश बँकेतूनच येतो. (आपली महावितरण बाजारात नोंदलेली नाही, त्यामुळे तिचा शेअर घ्यायचा प्रश्न नाही. पण तिला वीज विकणाऱ्या कंपन्यांचे शेअर तुमच्याकडे असू शकतात.)

पायरी ४: वाटून किती उरतं?

पहिला हिशेब सोपा. शेअरमागचा लाभांश भागिले शेअरमागची कमाई. पॉवर ग्रिडची कमाई दोन्ही वर्षं शेअरमागे साधारण १६.७० रुपये. आधी त्यातले ६७ टक्के वाटले, नंतर ५४ टक्के. महानगर गॅसची कमाई आधी १३० रुपये आणि नंतर साधारण १०६. त्यातले ३० रुपये म्हणजे आधी २३ टक्के, नंतर २८. आता सुरुवातीचं कोडं सुटतं. महानगर गॅस मुळातच थोडं वाटत होती, म्हणून नफा घसरूनही लाभांशाला धक्का लागला नाही.

मग पॉवर ग्रिडने नफा तोच असताना हात का आखडला? कारण पैशाला दुसरं काम निघालं. २०२३-२४ मध्ये कंपनीचा भांडवली खर्च साडेबारा हजार कोटींच्या आसपास होता. पुढच्या वर्षी तो सव्वीस हजार कोटींच्या आसपास गेला. राजस्थान-गुजरातची सौरवीज देशभर न्यायला वाहिन्या लागताहेत आणि हातातली कामं लाख कोटींच्या वर आहेत.

इथे नवा माणूस एक चूक करतो. रोख प्रवाहाचं पत्रक उघडतो, व्यवसायातून आलेल्या रोखीतून भांडवली खर्च वजा करतो, थोडंच किंवा उणे उरलेलं पाहतो आणि घाबरतो. वाढत्या पारेषण कंपनीत असं दिसणं नवल नाही, कारण खर्चाचा ७० टक्के भाग कर्जातूनच व्हायचा असतो. म्हणून हिशेब असा मांडा:

निव्वळ नफा साडेपंधरा हजार कोटी. त्यात घसारा मिळवा, कारण तो खर्च दाखवला तरी रोख बाहेर जात नाही. तो साधारण १३ हजार कोटी. झाले साडेअठ्ठावीस हजार. भांडवली खर्चातला स्वतःचा ३० टक्के वाटा सुमारे ७,८०० कोटी. लाभांश ९ रुपये गुणिले ९३० कोटी शेअर, म्हणजे ८,३७० कोटी. हे दोन्ही वजा केले की १२ हजार कोटींच्या वर उरतात, आणि त्यातून जुन्या कर्जाचे हप्ते फेडायचे. समजा भांडवली खर्च पुढे ४० हजार कोटींवर गेला. स्वतःचा वाटा १२ हजार कोटी होतो, म्हणजे ४,२०० कोटींचा नवा ताण. नफा तेवढ्यात वाढला नाही तर तो ताण कुठून तरी भरून काढावाच लागेल, आणि लाभांश हा त्यातला सगळ्यात सोपा झरा.

आकडे ढोबळ आहेत, चालेल. दहा मिनिटांत कागदावर होणारा हा हिशेब कुठल्याही ‘टार्गेट प्राइस’पेक्षा जास्त सांगतो. तयार वाहिन्या पुढे भाडं देणार असल्यामुळे कंपनीच्या दृष्टीने हा कपातीचा निर्णय वाईट म्हणता येत नाही. मात्र लाभांशाच्या हप्त्यांवर औषधपाणी चालवणाऱ्या निवृत्त माणसाला त्या वाहिन्यांचा आज उपयोग नाही. एकाच शेअरबद्दल दोघांची उत्तरं वेगळी येतील, आणि दोन्ही बरोबर असतील.

पायरी ५: मालक कोण?

पॉवर ग्रिडमध्ये केंद्र सरकारचे ५१ टक्क्यांहून थोडे जास्त शेअर आहेत. सरकारलाही लाभांश हवा असतो, त्यामुळे किमान लाभांशाचं मार्गदर्शक सूत्र आहे: करोत्तर नफ्याच्या ३० टक्के किंवा नक्त मूल्याच्या (मालमत्तेतून देणी वजा करून उरतं त्याच्या) ४ टक्के, यांतलं जे जास्त असेल ते. नोव्हेंबर २०२४ च्या आधी चारऐवजी पाच टक्के होतं. ‘सरकारला पैसे लागतात, लाभांश बंद होणार नाही’ हा युक्तिवाद खरा आहे. पण सूत्र पॉवर ग्रिडला लावून पाहा: नफ्याच्या ३० टक्के म्हणजे सुमारे ४,६५० कोटी, शेअरमागे ५ रुपये. याचा अर्थ ९ रुपयांच्या खालीही बरीच जागा आहे. सरकारची हमी गृहीत धरायचीच तर पाच रुपयांची धरा.

महानगर गॅसमध्ये सरकारी गेलचे ३२.५ टक्के आणि महाराष्ट्र सरकारचे १० टक्के आहेत. तिला हे सूत्र थेट बांधील नाही. तिथे कंपनीचं लाभांश धोरण वाचायचं. बाजारमूल्याने पहिल्या हजार कंपन्यांना ते जाहीर करणं सेबीने सक्तीचं केलं आहे. ही दोन-तीन पानं असतात, भाषा गुळगुळीत असते, पण किती टक्के वाटणार हे लिहिलंय की नाही एवढं तरी कळतं.

मध्येच एक सावधगिरी: इन्व्हिट

‘बारा-तेरा टक्के देतंय’ असं कोणी सांगितलं तर बहुधा विषय इन्व्हिटचा असतो, म्हणजे तयार प्रकल्पांचं उत्पन्न युनिटधारकांना वाटणाऱ्या, बाजारात नोंदलेल्या ट्रस्टचा. पॉवर ग्रिडच्याच पाच प्रकल्पांचं पीजी इन्व्हिट २०२१ मध्ये १०० रुपयांना विकलं गेलं, एकदा १३० च्या वर गेलं आणि मग शंभराच्या खाली आलं. या सगळ्या काळात वर्षाला १२ रुपये मिळत राहिले. पण ते १२ रुपये म्हणजे निव्वळ लाभांश नव्हेत. त्यात व्याज असतं, लाभांश असतो आणि कर्जाची परतफेड म्हणून तुमचंच मुद्दल परत आलेलं असतं. वाहिन्यांचे करार मुदतीचे आहेत. नवे प्रकल्प घातले नाहीत तर युनिटचं मूल्य हळूहळू झिजणं स्वाभाविक आहे. त्यामुळे घसरणारं इन्व्हिट आणि घसरणारा शेअर एका तागडीत टाकू नका. प्रत्येक वाटपासोबत येणारी फोड वाचा. करही त्या फोडीप्रमाणेच लागतो.

पायरी ६: कर कापून हातात काय?

एप्रिल २०२० पासून लाभांश तुमच्या उत्पन्नात मिळवला जातो आणि तुमच्या स्लॅबने कर लागतो. ३० टक्क्यांच्या स्लॅबमधल्या माणसाचे ३.६ टक्के हातात येईपर्यंत अडीच टक्के होतात. त्याच माणसाने वर्षभराहून जास्त धरलेला शेअर नफ्यात विकला तर वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर कर नाही, त्यापुढे साडेबारा टक्के. पगारदार, वरच्या स्लॅबमधल्या माणसाने निव्वळ लाभांशासाठी पडता शेअर धरणं मला तरी पटत नाही. धरायचाच असेल तर व्यवसाय वाढेल म्हणून धरा. उलट नव्या करप्रणालीत १२ लाखांच्या आत एकूण उत्पन्न असलेल्या निवृत्त व्यक्तीला लाभांशावर कर पडत नाही, तिचं गणित वेगळं.

एका कंपनीकडून वर्षाला १०,००० रुपयांहून जास्त लाभांश आला तर १० टक्के टीडीएस कापला जातो. कर बसत नसेल तर विवरणपत्र भरून तो परत मागता येतो.

लाभांशाच्या तोंडावर शेअर घेऊन ठेवायची युक्ती कोणी सांगेल. हल्ली एक्स-डेट (ज्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो लाभांश मिळत नाही) आणि रेकॉर्ड डेट (ज्या दिवशी नाव नोंदलेलं असेल त्यालाच लाभांश मिळतो) एकाच दिवशी असतात, त्यामुळे किमान आदल्या व्यवहाराच्या दिवशी शेअर घेतलेला लागतो. पण एक्स-डेटला भाव साधारण लाभांशाएवढा खाली उघडतो. एका खिशातून दुसऱ्यात, आणि वर कर. आणि ब्रोकरच्या उसन्या पैशावर, एमटीएफवर, लाभांशाचा शेअर धरणं तर सरळ तोट्याचं, कारण व्याज लाभांशाच्या कितीतरी पट असतं.

पायरी ७: धरायचा की सोडायचा?

आता एक अप्रिय भागाकार करा. साडेतीनशेच्या वर, समजा ३६५ ला घेतलेला शेअर अडीचशेवर आला, तर तोटा ११५ रुपयांचा. वर्षाला ९ रुपये लाभांश धरला तर तो भरून निघायला जवळपास तेरा वर्षं लागतील, कर न धरता. लाभांश हा घसरणीवरचा उतारा नाही. फार तर थांबण्याचं भाडं आहे. थांबायचं कारण वेगळं हवं: भाव परत येईल, किंवा कमाई वाढेल, असं मानायला आधार हवा.

माझा स्वतःचा कल असा. घसरण बाजाराच्या मूडमुळे असेल, उत्पन्न नियमाने किंवा कराराने बांधलेलं असेल, आणि पुढच्या वर्षाचा लाभांश कमी धरूनही तुमचं काम भागत असेल, तर धरा. कारण तिसऱ्या जातीचं असेल तर वाटपाचं प्रमाण बघा. ते तीस टक्क्यांच्या आत असेल तर लाभांश बहुधा टिकेल, पण मग यील्डही किरकोळ असेल. १,१०० च्या भावाला ३० रुपये म्हणजे पावणेतीन टक्केच. त्यासाठी कोणी शेअर धरत नाही. तिथे खरा प्रश्न नफा सावरेल का हाच राहतो, आणि तो लाभांशाच्या नावाखाली झाकू नये. प्रमाण ऐंशी-नव्वद टक्के, कर्ज वाढतंय, येणी फुगताहेत आणि कारणही गल्ल्यातलं, अशी सगळी लक्षणं एकत्र दिसली तर कपात जाहीर होण्याची वाट बघू नका.

सगळं किंवा काहीच नाही, असंही करायला नको. पोर्टफोलिओचा पाचवा हिस्सा एकाच शेअरमध्ये अडकला असेल तर अर्धा मोकळा करून उरलेला धरणं हा पूर्ण सन्मानाचा मार्ग आहे. तोट्यात विकलेल्या भागाचा तोटा दुसरीकडच्या भांडवली नफ्यातून वजाही होतो.

धरायचं ठरलं तर विकण्याच्या अटी त्याच दिवशी तारखेसह लिहून ठेवा. भावाची अट नको, कारणाची हवी. पॉवर ग्रिडसाठी त्या अशा असू शकतात: वर्षाचा लाभांश ७ रुपयांच्या खाली आला, येणी विक्रीपेक्षा वेगाने दोन वर्षं वाढली, किंवा २०२९ नंतरच्या नियमांत परताव्याचा दर मोठा कापला गेला. गॅस कंपनीसाठी: स्वस्त गॅसचा कोटा आणखी घटला आणि त्यानंतरच्या दोन तिमाहींत प्रति एकक नफा सावरला नाही. हे आकडे कंपनीच्या तिमाही सादरीकरणात असतात, आणि विश्लेषकांसोबतच्या चर्चेचं शब्दांकन एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर येतं. त्यात ‘कॅपेक्स’ (भांडवली खर्च) आणि ‘डिव्हिडंड’ हे दोन शब्द शोधून तेवढेच परिच्छेद वाचले तरी नव्या माणसाला पुरे.

कागद बाहेर काढायचे दिवसही ठरवून टाका. पॉवर ग्रिडसारख्या कंपनीत नोव्हेंबर आणि फेब्रुवारीत अंतरिम लाभांश कळतो, मे महिन्यात वार्षिक निकालासोबत अंतिम. मधल्या काळात रोजचा भाव बघण्यात अर्थ नाही. तेवढ्या वेळात डिमॅटला जोडलेलं बँक खातं चालू आहे ना, हे मात्र तपासा. जुनं, बंद पडलेलं खातं जोडलेलं असेल तर लाभांश परत जातो, आणि सात वर्षं कोणी मागितला नाही की सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जमा होतो. तिथून तो परत मिळवता येतो, पण त्यासाठी अर्ज, कागदपत्रं आणि पुष्कळ धीर लागतो.